अकराताई आणि माझा मणका

आमच्या भागात कंबर धरली की माणसाला एकच आजार असतो, मणक्यात गॅप. ट्रॅक्टरवाल्याला गॅप, शेतात भांगलणाऱ्या बाईला गॅप, बँकेतल्या साहेबालाही गॅप. हे निदान करायला डॉक्टर लागत नाही, शेजारीण पुरते. मलाही शेजारणीनंच सांगितलं. मी आष्ट्यातल्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवते, वय एकेचाळीस, आणि स्वतःच्या अंगाबद्दल जरा जास्तच घमेंड. त्यामुळं गॅप म्हटल्यावर मला वाईट वाटलं नाही. खेळाडूला गॅप शोभतो, असंच वाटलं.

पाच महिने मी एका हाडवैद्याकडं जात होते. दर बुधवारी, कारण नवऱ्याची, प्रदीपची, सुटी बुधवारी. तो एसटीत कंडक्टर आहे. वैद्य गरम तेल लावून मणका 'बसवायचा' आणि मी दात आवळून बसवून घ्यायची. तिथं बाहेर ओट्यावर निम्मं आष्टा बसलेलं असायचं. खेळाच्या बाई स्वतः येतात म्हटल्यावर वैद्याचीही पत वाढली.

संध्याकाळी बारीक ताप यायचा. मला वाटायचं, मैदानावरच्या उन्हानं. सात किलो वजन उतरलं. शिक्षकखोलीत सगळ्या विचारायच्या, बाई, काय डाएट करताय? मी लाजून हसायची. आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

मग एका सकाळी अंगणात चालताना डाव्या पायातली चप्पल निघून मागं राहिली आणि मी तशीच पुढं गेले. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, पायरीवर लसूण सोलत होत्या.

"आगं सुजाता, चप्पल कुटं टाकलीस?"

मी खाली बघितलं. एक पाय चपलेत, एक अनवाणी. पायाखाली खडे होते आणि मला ते लागत नव्हते.

कुणी खाल्लं?

मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय झाला. डॉक्टर माझ्याहून लहान, डोळ्यांखाली काळं झालेलं. त्यांनी फिल्म उजेडाला लावली.

मी विचारलं, "गॅप कुठं आहे?"

"गॅप नाही ताई. हाड खाल्लंय. दोन मणके."

"कुणी?"

ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "टीबीनं."

माझ्या स्वभावात एक खोड आहे, भीती वाटली की मी प्रश्न विचारते. आई म्हणायची, ही पोरगी मरतानाही यमाला रेड्याचं वय विचारेल. मी डॉक्टरांना विचारलं, मणक्याला ना नाक ना तोंड, मग जंतू आत गेला कुठून? त्यांनी रिपोर्टच्या पाकिटावर चित्र काढून दाखवलं: श्वासातून छातीत, छातीतून रक्तात, रक्तातून हाडात. माझ्या छातीत आता काही नव्हतं, त्यामुळं माझ्यापासून कुणाला लागण व्हायची नव्हती. हे त्यांनी तीनदा सांगितलं. प्रदीपनं चौथ्यांदा विचारलं, तेव्हा चौथ्यांदाही सांगितलं.

खरा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारला. पाय राहतील का?

"गोळ्या आजच सुरू करू. पाठीवर पडून राहायचं. पायाची ताकद आणखी कमी झाली तर ऑपरेशन. आज मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही."

त्यांनी खोटा धीर दिला नाही याचा तेव्हा राग आला. आता त्याबद्दलच त्यांचे आभार मानावेसे वाटतात. बाहेर येऊन मी मोटारसायकलींच्या गर्दीत उभी राहून रडले. प्रदीप फिल्मची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता. एरवी भरल्या गाडीत चाळीस माणसांना दम देणारा हा माणूस.

नारिंगी पाणी

नऊ दिवस वॉर्डात होते. सकाळी सहाला थर्मामीटर, मग चहा, मग सिस्टर येऊन पायाचा अंगठा हलवून विचारायची, वर की खाली? मी डोळे मिटून सांगायची. चुकले की ती काही बोलायची नाही, फक्त लिहायची. शाळेत इतकी वर्षं मी पोरींच्या चाचण्या घेतल्या, नापास होणं काय असतं ते तिथं कळलं.

पहिल्या गोळीनंतर लघवी नारिंगी झाली. मी घाबरून बेल दाबली. सिस्टर म्हणाली, औषधाचा रंग आहे, रंग दिसतोय म्हणजे गोळी पोटात गेलीय. त्यानंतर मी रोज सकाळी तो रंग बघायची आणि मनात म्हणायची, चला, हजेरी लागली.

पाचव्या दिवशी तिथल्या आयाबाईंनी माझे केस धुतले. मला उठायला बंदी होती, म्हणून त्यांनी डोक्याखाली प्लास्टिक घातलं, त्याचं टोक बादलीत सोडलं आणि तांब्या तांब्या कोमट पाणी ओतलं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. "एवढं घाण डोकं घिऊन कोन बरं व्हतंय का?" म्हणाल्या. त्या आजारपणातली सगळ्यात सुखाची वेळ विचाराल तर ती.

गल्लीतली बातमी

घरी आल्यावर आत्यांनी दार लावून मला आणि प्रदीपला समोर घेतलं.

"भाईर गॅपच म्हनायचं. टीबी हा शब्द ह्या घरातनं भाईर जायाचा न्हाई."

"आत्या, लागत नाही तो कुणाला."

"तुला कळतंय, मला कळतंय. गावाला कवा कळायचं? पोरींचं आईबाप तुज्या हाताखाली पोरी धाडतील व्हय गं?"

आत्या दुष्ट नाहीत. कोरेगावकडं माझं माहेर आणि त्यांचंही. त्या लहान असताना त्यांच्या थोरल्या भावाला टीबी झाला होता. त्याला गोठ्यात ठेवलं, ताटली वेगळी केली, आणि तो तिथंच गेला. ती ताटली आत्या लांबूनच सरकवायच्या. हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मग मी काय बोलणार? शिवाय खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. मुलींची फुटबॉलची टीम ही मी नऊ वर्षं खपून उभी केलेली एकमेव गोष्ट. ती गेली असती तर पाय परत येऊन तरी मी जाणार कुठं होते?

तर गॅप ठरला. गोळ्यांची पाकिटं आत्या वर्तमानपत्रात गुंडाळून चुलीत घालायच्या. अडचण एकच झाली. गोळ्यांची चौकशी करायला आरोग्य केंद्राची आशाताई दर पंधरवड्याला घरी यायची. शेजारणीनं विचारलं, ही का येते सारखी? आत्यांना उत्तर सुचेना, त्या नुसत्या गालात हसल्या. आठ दिवसांत गल्लीभर झालं की मला या वयात दिवस गेलेत! कुणी कैऱ्या आणून दिल्या. मी चादरीत तोंड खुपसून इतकी हसले की पाठीतून कळ गेली. आत्याही हसल्या. मग कैऱ्यांचं लोणचं घातलं.

अकराताई

तीन महिने मी छताकडं बघत पडून होते. त्या काळात मला अमेरिकेतल्या एका बाईनं सोबत केली, तिला हे माहीतही नाही.

मुबीना माझ्या टीमची फॉरवर्ड, नववीतली. तिनं मला फोनवर एका अमेरिकन फॉरवर्डचे व्हिडिओ पाठवले. तिकडं बायकांची व्यावसायिक फुटबॉल लीग आहे, त्यात ही अकरा नंबर घालते. मुलींनी तिचं नाव अकराताई ठेवलेलं, मीही तेच वापरते. तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडं पहाटे लागते. दूध तापायच्या वेळेला मी फोन डोळ्यांवर धरून पडायची. हात अवघडून फोन नाकावर पडायचा. नाकाला तेव्हाची खूण अजून आहे.

मला फुटबॉल पुस्तकातून आलेला. मूळची मी खो-खोची, शाळेला कुठल्याशा योजनेतून दोन फुटबॉल मिळाले म्हणून शिकले. त्यामुळं नसत्या चौकशा फार. एका मॅचला मी स्टॉपवॉच लावलं. अकराताईच्या पायात चेंडू असला की चालू, गेला की बंद. नव्वद मिनिटांत दोन मिनिटंसुद्धा भरली नाहीत. मग ही बाई बाकीचा वेळ करते काय? चेंडू सोडून तिलाच बघायला लागले. ती चालायची. थांबायची. बचाववालीला उगीच एका बाजूला ओढून न्यायची, तिथं दुसरीच घुसायची. पंधरा वेळा धावायची, चेंडू एकदाही यायचा नाही, आणि सोळाव्यांदा तितक्याच वेगानं धावायची. मी मुबीनाला वर्षभर ओरडत होते की चेंडूमागं पळ. सगळं उलटं शिकवलं होतं मी.

मग तिची कारकीर्द शोधली. मक्याच्या शेतांमधलं लहानसं गाव. कॉलेजात शिष्यवृत्ती. पहिल्या क्लबनं घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी तो क्लब बंद पडला. मग स्वीडनला, बर्फात. परत आली, दोन मोसम गोलच गोल. मग आणखी दोन क्लब. आता तेहतीस वर्षांची, शेवटची वीस मिनिटं मैदानात येते. हे सगळं एका तक्त्यात होतं: वर्ष, क्लब, सामने, गोल. त्यात मधेच एका वर्षापुढं सामने शून्य, गोल शून्य.

माझं डोकं तिथंच अडकलं. गोल कसे केले हे सगळीकडं लिहिलेलं. पण त्या शून्याच्या वर्षात ही रोज सकाळी उठून काय करत होती? मी मुबीनाला कामाला लावलं. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं.

बुधवार

चौथ्या महिन्यात अंगठ्याचं वर-खाली बरोबर यायला लागलं. पाचव्यात छातीपासून कंबरेपर्यंतचा कडक पट्टा बांधून उभी राहिले. सहाव्यात भिंत धरून अंगण. गावात बोलबाला झाला, बघा, बाईंचा गॅप भरला, त्या वैद्याच्या हाताला गुण आहे. आम्ही तिघंही गप्प बसलो.

एके दिवशी मुबीना आली. आत्या तिथंच तांदूळ निवडत होत्या.

"बाई, तुमचा वैद्य कवा बसतो? अम्मीला गॅप हाय."

मुबीनाची आई रेहानाभाभी दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली असते. तिला गॅप असेलही, असं मी मनाला सांगितलं. आत्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबला होता.

"बुधवारी," मी म्हणाले.

हे मी लिहिते आहे, कारण हे लिहिलं नाही तर बाकीच्याला काही अर्थ नाही. मला त्या क्षणी सगळं माहीत होतं आणि मी बुधवारी म्हणाले.

तीन आठवड्यांनी मुबीना अकराताईची एक लांब मुलाखत शोधून घेऊन आली. माझ्या खाटेशी बसून एकेक वाक्य लावत होती. त्या वर्षी तिचा गुडघा फाटला होता, आणि त्याआधी सहा महिने अकराताई दुखतं हे लपवून खेळत होती. जागा जाईल म्हणून. ते तिचं तिनं भोगलं. पण टीममध्ये एक नवी पोरगी होती, हिला चिकटपट्ट्या लावून पळताना बघायची. तिचाही पाय दुखत होता. ताई पळते म्हणून तीही पळाली, आणि ती पुन्हा कधीच खेळली नाही. त्या शून्याच्या वर्षात अकराताई त्या मुलीला व्यायामाला घेऊन जात होती. रोज. तेवढंच करत होती.

मला जे हवं होतं ते कळलं होतं. मी विचारलं, "अम्मी कशी आहे गं?"

"दोन येळा जाऊन आली. लय रडली तेल लावताना. तुमी पन रडायचा का, बाई?"

"ताप येतो तिला?"

"सांजचा येतोय जरा."

ती गेल्यावर मी पट्टा काढून आत्यांसमोर धरला. "बांधा. रेहानाभाभीकडं जायचंय."

"सगळं जाईल गं तुजं," आत्या म्हणाल्या. "पोरी, मैदान, सगळं."

"तुमच्या भावाला कुणी येऊन सांगितलं असतं तर?"

आत्यांनी माझ्या हातातून पट्टा घेतला. मग पट्ट्याची दोरी ओढत म्हणाल्या, "श्वास घे. ढिला बांधला तर वाटंत वाकशील." आणि स्वतःची काठी मला दिली.

तीन गल्ल्या

रेहानाभाभीचं घर तीन गल्ल्या सोडून. त्या दिवशी ते मला आष्टा ते सांगली एवढं वाटलं. ती ब्लाऊज शिवत होती. मी उभ्यानंच सांगितलं, कारण बसले असते तर उठता आलं नसतं. मला गॅप नव्हता. टीबी होता. वैद्यानं बरं केलं नाही, त्याच्यामुळं पाच महिने गेले. गोळ्यांनी बरी होतेय. तुझी लक्षणं तीच आहेत.

तिनं मशीन थांबवलं. मला वाटलं घाबरेल, रडेल. ती चिडली.

"माज्या पोरीनं इचारलं तवा का न्हाई सांगितलं? तवा तुमी बुधवार सांगितला. मी दोनदा जाऊन पाठ रगडून आले, बाई!"

"भ्याले," म्हणाले. "चुकलं माझं."

ती माझ्याकडं बघत राहिली. काठीकडं, पट्ट्याकडं. मग दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "मिरजंला कवा जायाचं?"

संध्याकाळपर्यंत गावात झालं. मुख्याध्यापकांनी फोन करून फार गोड शब्दांत विचारलं, मी डॉक्टरांचं पत्र दिलं. शेजारणीनं माझ्याकडचा तिचा डबा धुऊन, पुन्हा धुऊन नेला. दोन मुली सरावाला यायच्या थांबल्या. त्या अजून येत नाहीत. त्यातली एक चांगली गोलकीपर होती. मला वाईट वाटतं, रोज वाटतं.

ओपीडी

रेहानाभाभीच्या मणक्याच्या तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी मी बरोबर गेले. तिच्या नवऱ्याला सुटी नव्हती. ओपीडीच्या बाहेर बाकांवर मांडीवर फिल्मच्या पिशव्या घेऊन माणसंच माणसं. मी भिंतीकडेची जागा धरली, टेकायला बरं म्हणून. डॉक्टरांचं दार उघडं होतं. तेच डॉक्टर.

"टीबीच आहे," आतून ऐकू आलं. "पण एकच मणका, तोही कडेला. पायांत पूर्ण ताकद आहे. गोळ्यांनी भागेल. इतक्या लवकर आमच्याकडं कुणी येत नाही. तुम्हाला कुणी पाठवलं?"

रेहानाभाभीचा आवाज मशीनच्या खडखडाटावर तयार झालेला. तो आख्ख्या बोळात गेला.

"आमच्या खेळाच्या बाईंनी! त्यास्नीबी मनक्याचा टीबीच झालाय. ह्या काय, भाईर बसल्यात की."

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. समोरच एक बाई होती, माझ्यासारखाच कडक पट्टा, नवा कोरा, दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी धरलेली. तिचे पाय चपलांत नुसते ठेवल्यासारखे होते.

"व्हय ताई?" ती म्हणाली. "मनक्याचा? आनि चालतायसा?"

"चालते. आठ महिने गोळ्या झाल्या, अजून दहा आहेत."

"बगू."

मी उठले. काठी बाकावरच राहू दिली. बोळाच्या टोकाला पाण्याचा नळ होता, तिथवर गेले. डावा पाय जरा फरफटतो, तो फरफटू दिला. सगळे माझ्या पायांकडं बघत होते आणि मी बघू देत होते. नळाला हात लावून परत आले.

ती बाई माझ्या पावलांवरून नजर काढत नव्हती.

"अजून एकदा चाला की, ताई," ती म्हणाली.

मी परत चालले.